दोन मोठे, नऊ छोटे

एकोणिसाव्या दिवसाच्या पानावर निळ्या शाईने लिहिलं होतं : ‘मोठे २, पिल्लं ९. प्रजनन झालं!’ उद्गारचिन्ह दोनदा गिरवलेलं. टेबलावर म्हापशाहून आणलेले पेढे होते आणि मला फोन करून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पणजीजवळच्या या छोट्या प्रयोगशाळेत मी महिन्यातून दोनदा जातो. नोकरीला नाही, सल्ला द्यायला. पेढा खाल्ला, पान वाचलं, आणि दोन अधिक नऊ ही बेरीज डोक्यात अडकली. एप्रिलच्या शेवटी टाकीत सोडले होते तेही अकराच.

टाकीतला प्राणी म्हणजे कंगवा-जेली, शास्त्रीय नाव टिनोफोर. आमचे प्ल्युरोब्रॅकिया वंशातले. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘गोळे’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. आकार छोट्या आवळ्याएवढा. आवळ्याला उभ्या सहा रेघा असतात, यांना आठ. प्रत्येक रेघ म्हणजे सूक्ष्म केस एकमेकांना चिकटून झालेल्या कंगव्यांची ओळ. हे कंगवे एकामागून एक हलतात, भाताच्या शेतावरून वारा जावा तसे, आणि गोळा पुढे सरकतो. त्यावर सप्तरंग खेळतात, पण तो उजेड त्यांचा स्वतःचा नाही; बाहेरचा प्रकाश कंगव्यांवर विखुरतो इतकंच. कंगवा-जेलींच्या पुष्कळ जाती अंधारात खरोखर चमकतात. प्ल्युरोब्रॅकिया चमकत नाही. आणि नावात जेली असली तरी हा जेलीफिश नव्हे. याला डंख नाही. याच्या शेपट्यांसारख्या दोन लांब सोंडांवर, म्हणजे टेंटॅकल्सवर, कोलोब्लास्ट नावाच्या चिकट पेशी असतात. फणसाच्या चिकासारखं काम : सावज लागलं की सुटत नाही.

या प्रकरणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बेडकाचं पिल्लू बेडकासारखं दिसत नाही, प्ल्युरोब्रॅकियाचं मात्र जवळपास मोठ्यासारखंच दिसतं : गोल शरीर, दोन सोंडा, कंगव्यांच्या आठ ओळी. छोटा गोळा दिसला की ‘पिल्लू’ हा शब्द आपसूक तोंडात येतो.

गोळे पकडले जुवारी नदीच्या मुखाशी, भरतीला, काकरा गावातल्या एका होडीतून. पहिल्या दिवशी संशोधक विद्यार्थिनीने प्लँक्टनचं जाळं टाकलं आणि वर आली ती नुसती चिकट लापशी. होडीवाले काका हसले. “हात लावू नको गो बाय, जाळंही नको. फुटतं ते. बरणीच बुडव.” दुसऱ्या दिवशी तिने लोणच्याची रुंद तोंडाची बरणी गोळ्याच्या खाली नेली आणि पाण्यासकट उचलली. चौदा मिळाले, वाटेत खड्ड्यांनी तीन गेले, अकरा पोचले. अशा नाजूकपणामुळेच हा प्राणी नमुन्यांच्या बाटल्यांत कमी सापडतो. जाळ्यात फाटतो, आणि बऱ्याच जाती फॉर्मलिनमध्ये विरघळूनच जातात. समुद्रात किती होते ते बाटलीवरून कळत नाही.

टाकी ‘क्रायझेल’ पद्धतीची होती. जर्मन भाषेत क्रायझेल म्हणजे भोवरा. वुल्फ ग्रेव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने १९६८ साली ही कल्पना मांडली : गोल टाकी, कोपरे नाहीत, पाणी सतत सावकाश फिरतं, त्यामुळे मऊ प्राणी तळाला बसत नाहीत आणि काचेवर घासत नाहीत. आमची टाकी मडगावच्या एका कारागिराने अ‍ॅक्रिलिकची करून दिली. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून पूर्ण गोल न करता एका बाजूला पाणी बाहेर जायच्या जाळीसाठी चौकोनी खण ठेवला होता. हा खण पुढे कामाला आला.

पाण्याचा वेग मी ठरवून दिला होता. हे आताच सांगून टाकतो. मी पूर्वी चंद्र-जेलीफिश पाळले आहेत. त्यांना जरा चांगला ओघ लागतो. तोच आकडा मी इथे दिला, “गोळे खाली बसता कामा नयेत” असं बजावून.

खाणं म्हणजे आर्टेमिया या कोळंबीच्या जातकुळीतल्या बारक्या प्राण्याची नुकती फुटलेली पिल्लं, नॉप्ली. कोळंबीच्या हॅचरीत असतात तीच. डब्यातली सुकी अंडी खाऱ्या पाण्यात टाकायची, खालून हवा सोडायची, २८ अंशांच्या आसपास साधारण २४ तासांत नारिंगी ठिपक्यांचा ढग तयार. मग हवा बंद करून दिव्याजवळ गोळा करायचे, कारण नॉप्ली उजेडाकडे धावतात. टरफलं वर तरंगतात, ती वेगळी करायची. विद्यार्थिनी हे काम इतकं नेटकं करायची की टाकीत एक टरफल दिसत नसे. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला मोजून नॉप्ली सोडल्या जात, आणि वहीत ‘खाणं दिलं’ या रकान्यात आकडा पडत असे. एकोणीस दिवस, एकही खाडा नाही.

“मेले किती?” मी विचारलं.

“एकही नाही, सर.”

“एकोणीस दिवसांत?”

ती थबकली. मग तिने जो मुद्दा मांडला तो मला आजही आवडतो. मेलेला गोळा दिसतच नाही, ती म्हणाली. शरीरात पंचाण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच. रात्री मेला तर सकाळपर्यंत विरघळून गेलेला असतो. म्हणजे नऊ मोठे मेले आणि विरघळले, आणि त्याच काळात नऊ जन्मले, असं होऊच शकत नाही का? बेरीज अकरा येणं हा योगायोग असू शकतो.

असू शकतो. बेरजेवरून निकाल देता येत नव्हता, आणि माझा संशयही नुसता संशय होता. संशय असा : कंगवा-जेली उपाशी राहिली तर लगेच मरत नाही, लहान होत जाते. स्वतःचंच शरीर खर्चून जगते आणि आकाराने उलटी चालू लागते. २०२४ साली तर नेमिऑप्सिस या दुसऱ्या जातीत याहून पुढचं दिसलं. या जातीच्या मोठ्या जनावराला दोन मोठे पाळ असतात आणि सोंडा आखूड होतात. उपासमार आणि इजा झाल्यावर काही जनावरांनी ते पाळ गमावले, पुन्हा लांब सोंडा काढल्या आणि ती अळीच्या रूपात परतली. आमच्या गोळ्यांना रूप बदलायची गरजच नव्हती. ते नुसते आकसले असते तरी पुरे होतं. डोळ्यांना पिल्लूच दिसलं असतं.

मग सूक्ष्मदर्शकाखाली बघू म्हटलं. कंगवा-जेली उभयलिंगी. कंगव्यांच्या ओळींखालून ज्या नळ्या जातात त्यांच्या एका बाजूला अंडाशय, दुसऱ्या बाजूला वृषण. छोट्या गोळ्यांत यांच्या खुणा दिसल्या तर ते जुनेच मोठे, असं मी म्हणालो, आणि पाच मिनिटांत माझं मलाच खोडावं लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल कून यांनी भूमध्य समुद्रातल्या कंगवा-जेलींमध्ये अळ्याच अंडी घालताना पाहिल्या होत्या. अळी अंडी घालते, मग तिची जननांगं आक्रसतात, ती वाढते आणि मोठी झाल्यावर पुन्हा घालते. नेमिऑप्सिसमध्येही अळ्यांचं प्रजनन या शतकात नीट सिद्ध झालं आहे. तेव्हा ‘जननांग आहे म्हणजे मोठा’ हे या वर्गात छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आम्ही दोघं असे अडकलो असताना प्रयोगशाळेचे मदतनीस भाऊ फरशी पुसत होते. सत्तरी तालुक्यातला माणूस, घरी गुरंढोरं. ते पुसता पुसता म्हणाले, “सर, पिल्लं केवढी आहेत?”

“चार मिलिमीटर.”

“आणि मोठ्यांना खायला मिळत होतं का नाही, हेच तुम्हाला ठाऊक नाही. ज्या घरात मोठ्यांना पेज नाही, तिथे पोरं कशावर वाढली?”

हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता. अंड्यातून निघालेला गोळा मिलिमीटरभरही नसतो. तो एकोणीस दिवसांच्या आत चार मिलिमीटर व्हायचा तर टाकीत खाण्याची रेलचेल हवी. आणि रेलचेल असती तर मोठे मेले कशाने? एक तर मोठे उपाशी नव्हते, मग ते गेले कुठे. किंवा उपाशी होते, मग पिल्लं वाढली कशी. शिवाय आजवर कुणी एक अंडं पाहिलं होतं का? नाही. टाकीचं पाणी बारीक जाळीतून गाळून बघावं असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पिल्लं दिसली, म्हणून अंडी झालीच असणार.

तेव्हा मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. तीत ‘खाणं दिलं’ हा रकाना होता. ‘खाल्लं’ असा रकाना नव्हता.

त्या रात्री आम्ही टाकीसमोर खुर्च्या टाकून बसलो. नॉप्ली सोडल्या. पाणी माझ्या आकड्याप्रमाणे छान फिरत होतं, गोळेही फिरत होते, आणि एकाचीही सोंड बाहेर नव्हती. प्ल्युरोब्रॅकिया धावून शिकार करत नाही, जाळं टाकून बसते. त्यासाठी पाणी शांत लागतं. ओघ जोरात असला की ती सोंडा म्यानात ओढून घेते, जशी रापण ओढणारी माणसं उधाणात जाळं टाकत नाहीत. नॉप्ली तिच्या अंगावरून जात राहिल्या. नंतर त्या टेबलावरच्या दिव्याच्या दिशेला, त्या चौकोनी खणात, गोळा झाल्या.

त्या खणात ओघ मंद होता. आणि तिथेच ते दोन मोठे होते. विद्यार्थिनीने वहीत त्यांच्यापुढे ‘सुस्त, कोपऱ्यात पडून राहतात’ असं लिहिलं होतं. सुस्त कसले, टाकीतली एकमेव खानावळ त्यांनी शोधली होती. दोघांच्याही सोंडा पसरलेल्या होत्या आणि पोटात नारिंगी ठिपके दिसत होते.

तरीही हे सगळं पटण्यासारखं होतं, सिद्ध झालेलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी नऊ छोटे गोळे नऊ बीकरमध्ये वेगळे केले, प्रत्येकावर क्रमांक. उचलायचे बरणीच्याच पद्धतीने, पाण्यासकट. मोजमापाला हात लावायचा नाही. बीकरमागे आलेखाचा कागद धरून फोटो. बीकरमध्ये पंप नाही, हवेचा दगड नाही. हवेचा बुडबुडा शरीरात अडकला तर गोळा वर तरंगत राहतो आणि मरतो. दिवसातून दोनदा निम्मं पाणी हलक्या हाताने बदलायचं. खाणं बदललं : नॉप्लीऐवजी जेटीवरून गाळून आणलेले जिवंत कोपेपॉड, म्हणजे समुद्रात तरंगणारे बारीक कवचधारी जीव. समुद्रात यांचं मुख्य अन्न तेच. आर्टेमिया हा खाऱ्या तळ्यांतला प्राणी, समुद्रातल्या गोळ्याच्या वाटेला तो कधी येत नाही. आपण तो देतो तो आपल्या सोयीसाठी.

पहिल्या संध्याकाळचं सांगतो. काळा कागद मागे, बाजूने मिणमिणता टॉर्च. क्रमांक चारच्या गोळ्याने सुमारे दहा मिनिटं काही केलं नाही. मग तो तोंड वर करून थोडा वर पोहला आणि त्याच्या दोन्ही बगलांतून दोन धागे सुटू लागले. सुटत राहिले. चार मिलिमीटरच्या जिवातून बोटभर लांबीचे धागे, आणि त्या प्रत्येक धाग्याला कडेने आणखी बारीक धाग्यांची झालर. पूर्ण पसरल्यावर तो पोहायचा थांबला आणि आपल्याच जाळ्याखाली लोंबकळल्यासारखा स्थिर झाला. एक कोपेपॉड उडी मारत आला, झालरीला लागला, दुसरी उडी मारायला गेला आणि धागा नुसता ताणला गेला. गोळ्याने ती सोंड आखडली आणि स्वतःभोवती गिरकी घेतली. गिरकीत सोंड तोंडावरून पुसली गेली आणि कोपेपॉड आत. विद्यार्थिनी कुजबुजली, “एकोणीस दिवसांत हे मी एकदाही पाहिलं नाही.” मीही पाहिलं नव्हतं. चंद्र-जेलीफिश असं जेवत नाहीत.

नऊपैकी दोन पहिल्या दोन रात्रींत गेले. विद्यार्थिनीने म्हटल्याप्रमाणे सकाळी बीकरमध्ये नुसतं पाणी होतं. उरलेले सात दहा दिवसांत चारवरून दहा-अकरा मिलिमीटरवर पोचले, म्हणजे पकडले तेव्हाच्या मापाच्या जवळ. पहिले तीन दिवस वाढ जवळपास दिसलीच नाही, मग एकदम. हा वेग पिल्लांचा नव्हता. पुढे जूनमध्ये खरी पिल्लं झाली तेव्हा शेजारी ठेवून तुलना करता आली : ती दहा दिवसांत जेमतेम दोन मिलिमीटरच्या पुढे गेली. एकोणिसाव्या दिवसाच्या पानावरची नऊ पिल्लं म्हणजे आमचेच नऊ उपाशी गोळे होते.

खरं प्रजनन त्यामानाने फार नाटक न करता झालं. पोट भरलेले गोळे दोन-दोन करून मोठ्या बीकरमध्ये ठेवले. एक बदल मात्र केला : टाकीवर कॅमेऱ्यासाठी रात्रंदिवस दिवा लावलेला असायचा, तो बंद. नेमिऑप्सिस आणि बोलिनॉप्सिस या जाती अंधार पडल्यावर काही तासांनी अंडी सोडतात. आपल्या गोळ्यांनाही रात्र मिळायला काय हरकत आहे, एवढाच विचार. दिवा बंद केल्याने अंडी झाली की पोट भरल्याने, हे या प्रकरणावरून ठरत नाही, कारण दोन्ही एकदमच बदललं. चौथ्या सकाळी तळाला काचेचे कण असल्यासारखं दिसलं. काळ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहिलं : पारदर्शक पिशवीत पारदर्शक अंडं, काही दोन पेशींची झालेली. सत्तावीस अंशांच्या पाण्यात ती साधारण दिवसभरात फुटली.

इथे मोठ्यांना लगेच बाजूला काढलं. कंगवा-जेलीला आपलं-परकं कळत नाही. बाल्टिकच्या किनाऱ्यावर नेमिऑप्सिसची मोठी जनावरं हंगामाच्या शेवटी स्वतःच्याच अळ्या खाऊन तगतात असं आढळलं आहे. याच जातीने १९८०च्या दशकात जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला भरलेल्या पाण्यातून, काळ्या समुद्रात शिरून तिथल्या अँकोव्ही माशांचा धंदा बुडवायला हातभार लावला. एकटं जनावरही स्वतःच्या अंड्यांना फलित करू शकतं, त्यामुळे पाहुणे थोडे आले तरी भागतं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे बेरो ही दुसरी कंगवा-जेली पोचली. ती फक्त आपल्याच भाऊबंदांना खाते. तिने नेमिऑप्सिसला आवर घातला. बीकर धुताना मुरगाव बंदरात उभी जहाजं खिडकीतून दिसतात, म्हणून ही गोष्ट सारखी आठवते.

पिल्लांच्या खाण्यावर आमचा खरा कस लागला. पहिल्या खेपेला नॉप्ली दिल्या. नॉप्ली अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे पिल्लाएवढीच, आणि अंगात जोर. सोंडेला चिकटली की लाथा झाडून सोंडच तोडून जायची. तिसऱ्या दिवशी पिल्लं सोंडांशिवाय फिरत होती, पाचव्या दिवशी नव्हतीच. दुसऱ्या खेपेला रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव दिले, ते एक-तृतीयांश मिलिमीटरच्या आत. सोबत कोपेपॉडांची पिल्लं, बारीक जाळीतून वेगळी केलेली. ही खेप टिकली. पण रोटिफर पाळायचे म्हणजे त्यांच्यासाठी नॅनोक्लोरॉप्सिस हे हिरवं शेवाळ पाळायचं, कोपेपॉड पाळायचे म्हणजे आयसोक्रायसिस हे दुसरं शेवाळ पाळायचं. शेवाळाला प्रकाश, खत, हवा, आणि एका फ्लास्कमधून दुसऱ्यात दर काही दिवसांनी लावण. प्रयोगशाळेतली तीन-चतुर्थांश जागा आणि विद्यार्थिनीचा तेवढाच वेळ यात जातो. गोळे एका कोपऱ्यात. परदेशातल्या मोठ्या मत्स्यालयांतही कंगवा-जेलीच्या अनेक पिढ्या ओळीने वाढवणं गेल्या काही वर्षांतच नीट जमू लागलं आहे, ते का, हे इथे फ्लास्क धुताना कळतं.

आणि जून आला. जेटीवरचं पाणी आठवड्याभरात इतकं गोडं झालं की त्यातून गाळलेले कोपेपॉड आमच्या खाऱ्या बीकरमध्ये टाकताच तळाला जायचे. मे महिन्यात भाऊंनी हट्टाने चार टाक्या समुद्राचं पाणी भरून झाकून ठेवलं होतं. मी तेव्हा “एवढं कशाला” म्हणालो होतो. पूर्ण जून आणि जुलै त्याच पाण्यावर निघाला. वीज गेली की बीकरांना फरक पडत नसे, पंप नव्हतेच. शेवाळाची हवा मात्र बंद पडे, आणि एकदा चौदा तास वीज नव्हती तेव्हा एक पूर्ण लावण वास मारू लागली.

क्रायझेल टाकी टाकून दिलेली नाही. वेग माझ्या आकड्याच्या पाव केला आहे, आणि जेवणाच्या वेळी पंप तासभर बंद. पंपाच्या बटणाला विद्यार्थिनीने लाल दोरा बांधला आहे, म्हणजे बंद केलेला पंप पुन्हा सुरू करायचं कुणी विसरू नये. एकोणिसाव्या दिवसाचं पान तिने फाडलं नाही. ‘पिल्लं ९’ वर एक सरळ रेघ, बाजूला तारीख आणि सही. वहीत आता ‘खाणं दिलं’च्या शेजारी ‘सोंडा बाहेर’ आणि ‘पोटात दिसलं’ असे दोन रकाने आहेत. जुलैअखेरच्या एका पानावरची नोंद : ‘पंप बंद ७.१०. सातांपैकी पाच जणांनी जाळं टाकलं. क्र. ६ ने नाही. भाऊ म्हणतात पाऊस आहे म्हणून. उद्या पुन्हा बघणे.’